गाठीवरचा लाल

गाडीच्या बारीक सामानाला रंग मारणं म्हणजे उरलंसुरलं काम, असं ज्याला वाटतं त्यानं ते एकदा करून पाहावं. गाडीचं मोठं अंग रंगवायला नागपूरहून कारागीर आले. त्यांनी कॉम्प्रेसर आणला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेडला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, दुधाच्या सायीचा रंग मारला आणि जेवूनखाऊन निघून गेले. मागे राहिलं पोतंभर लोखंड. बिजागऱ्या, वायपरचे दांडे, हॉर्नची टोपणं, बॅटरीचा ट्रे, बॉनेटची कडी, दाराच्या मुठीखालच्या चकत्या. कॉम्प्रेसरवाल्यांना असल्या कामात हात काळे करायचे नसतात. ते सामान आलं साधनाच्या वाट्याला.

साधनाचं दुकान दिग्रसला पुसद रोडवर, टायरवाल्याच्या शेजारी. नंबरप्लेटी रंगवणं, फटफटीच्या टाक्या, ट्रकच्या मागची अक्षरं, झालंच तर पोळ्याच्या आधी बैलांच्या शिंगांना लावायचा रंग विकणं. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. लोक म्हणत, हिला नवऱ्यानं टाकली. ती म्हणे, मीच टाकला, आणि टाकला ते बरंच केलं. पुढे कोणी विचारायची हिंमत करत नसे.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या हिवाळ्यातली. त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींचा सुकाळ होता, टीव्हीच्या गाड्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरच्या पॅकेजच्या बातम्या. कापूस घरात होता आणि भाव दुसऱ्याच्या हातात होता. दिल्ली-मुंबईची माणसं पांढऱ्या गाड्यांतून उतरायची, रडणारी बाई शोधायची, आणि सापडली की कॅमेरा लावायची. उंटावरून शेळ्या हाकणं ते यालाच म्हणतात. त्यातलीच एक बाई एकदा साधनाच्या दुकानासमोर थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या घरात कोणी...?"

"नाई वं बाई," साधना म्हणाली, "आमी सारे जित्ते हाओ. तुमचा टाइम वाया गेला."

तर अशा दिवसांत जिनिंगच्या जुन्या मालकांचा नातू नयन नागपूरहून आला आणि शेडमध्ये कबुतरांच्या हवाली झालेली आजोबांची लँडमास्टर गाडी पुन्हा उभी करायची म्हणाला. लँडमास्टर म्हणजे ॲम्बॅसॅडरची थोरली बहीण. आजोबांनी, म्हणजे माणकशेठनं, ती नवीकोरी घेतली, तेव्हा दिग्रसचं अर्धं गाव पाहायला लोटलं होतं म्हणतात. आता नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि नयनला तिथं ही गाडी न्यायची होती. शेजारी लावायला त्यानं एक मोठा फलकही करून घेतला होता. जिनिंगचा जुना फोटो, कापूस लादलेल्या बैलबंड्यांची रांग, आणि वर ठळक अक्षरांत 'पांढऱ्या सोन्याचे दिवस'.

पोरगा वाईट नव्हता. बोलायला गोड, कामात चोख, आणि गाडीच्या बाबतीत तर पक्का वेडा. कुठला खिळा पूर्वी काळा होता आणि कुठला करडा, हे कळल्याशिवाय त्याला घास जात नसे. प्रदर्शनात परीक्षक म्हणे आरसा घेऊन गाडीखाली वाकतात आणि मूळचं नसेल त्याचे गुण कापतात. म्हणून तर तो साधनाकडे आला होता. तिच्याकडे म्हणण्यापेक्षा तिच्या बापाकडे.

साधनाचे वडील भीमराज हे माणकशेठचे ड्रायव्हर. गाडीसोबतच जवान झाले आणि गाडीसोबतच म्हातारे झाले. त्यांच्या तोंडून साधनानं लहानपणापासून एकच ऐकलं होतं, तालुक्यात तशी गाडी नव्हती आणि तसा ड्रायव्हर नव्हता. ढाणकीच्या बाजाराला गाडी गेली की पोरं मागे धावायची. महागावच्या नाल्याला पूर होता तेव्हा भीमराजनं गाडी कशी काढली, ही कथा तर घरात इतक्यांदा झाली होती, की आई हयात असेपर्यंत शेवटचं वाक्य तीच म्हणून टाकायची.

साधनाचा पहिला हात चुकला, आणि कसा चुकला ते सांगायलाच हवं. रंगाच्या दुकानाआधी तिनं पुष्कळ वर्षं लोकांच्या वावरात फवारणी केली होती. पाठीवर पंप, तोंडाला ओढणी. कपाशीचं एक तत्त्व असतं. पान वरून-खालून न्हाऊन निघालं पाहिजे, टोकावरून थेंब गळला पाहिजे, नाहीतर अळी हसते. फटफटीच्या टाक्या ती ब्रशनं करायची, त्यामुळे ही जुनी खोड कधी उघडी पडली नव्हती. आता हातात फवाऱ्याचा डबा आला आणि हाताला वाटलं, कपाशीच आली. तिनं बॅटरीचा ट्रे असा न्हाऊ घातला, की काळा रंग कडेवरून ओघळून खाली लोंबायला लागला.

भीमराज शेडमधल्या खाटेवर बसून पाहत होते. "बोंडअळी त मेली असन," ते म्हणाले.

साधनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नयननं हसू आवरलं आणि हळूच सांगितलं, की पहिला हात नुसती धूळ बसल्यासारखा मारायचा, मग थांबायचं, मग दुसरा. थांबणं हे साधनाच्या स्वभावात बसत नव्हतं. पण पोरगा बरोबर सांगत होता, म्हणून तिनं ट्रे पुन्हा घासला, डब्यांची जुनी झाकणं ओळीनं मांडली आणि हात हलका होईपर्यंत झाकणांवर मारत बसली.

मग रंग निवडायचं खरं काम सुरू झालं. काळा म्हणजे काळा, असं आपल्याला वाटतं. पण चमकणारा काळा वेगळा, अर्धा चमकणारा वेगळा आणि फळ्यासारखा मरका वेगळा. इंजिनाजवळच्या पत्र्याला उष्णता सोसणारा लागतो, नाहीतर पहिल्याच चक्करला पापुद्रे. चंदेरीतही चाकाची चंदेरी निराळी आणि वायपरची निराळी. नयन छापील तक्ता घेऊन बसायचा, भीमराज डोळे मिटून बसायचे, आणि दोघांची जुगलबंदी चालायची. हॉर्नची टोपणं चमकदार काळी, यावर एकमत झालं. बॉनेटच्या कडीवरून मात्र जुंपली. भीमराज म्हणाले काळी, नयननं जुना फोटो काढला आणि ती करडी निघाली.

"फोटोत ऊन पडलं असन," भीमराज म्हणाले. पण ऐकलं त्यांनी.

साधना दोनदा यवतमाळला जाऊन डबे घेऊन आली. दुकानदार म्हणाला, ताई, मालकाला पाठवा, हे फवाऱ्याचं काम नाजूक असतं. ती म्हणाली, मालक मीच, आणि हा डबा आधी झाकणावर मारून दाखवा. डब्याच्या टोपणाचा रंग आणि आतला रंग यांची सोयरीक असेलच असं नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. दुकानदारानं निमूटपणे मारून दाखवला.

सामान संपत आलं तेव्हा रॉकेलच्या डब्याच्या तळाशी एक वस्तू राहिली. लोखंडी कडं, मुठीएवढं. खाली आडवी पट्टी, मागे दोन पेचांची भोकं. नयननं गाडीचं पुस्तक पुढून-मागून चाळलं, त्यात हे कडं कुठंच नव्हतं. फोटोतही नव्हतं. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याजवळ पत्र्याला दोन भोकं होती आणि कडं तिथं बरोबर बसत होतं.

"भीमराजकाका, हे कशाचं?" त्यानं विचारलं. "आणि रंग कुठला होता?"

भीमराज खाटेवरून उठले. "राहू द्या ते," म्हणाले आणि चपला घालून घरी गेले.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं खवखव साधनाला सुटली. काळा की करडा असा सवाल आला असता तर बाप जेवण सोडून बसला असता, आणि आज उठून गेला. तिनं कड्यावर पॉलिश पेपर फिरवला. वरचा मळाचा काळा थर सुटला. खाली लाल निघाला. तांबडा, विटकरी, मरगळलेला लाल. हा लाल तिनं लहानपणी पाहिला होता. जिनिंगमध्ये बांधून झालेल्या कापसाच्या गाठींवर पत्र्याचा साचा धरून मार्का आणि नंबर टाकत, तो हाच.

घरी भीमराज अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. साधनानं कडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि सरळ विचारलं.

"काय होय हे, बाबा?"

"गलास ठेवाचं कडं."

"कोनाचा गलास?"

"माहा."

त्यांनी पुढची शेंग उचलली. मग बोलायला लागले ते शेंगांकडे बघूनच.

"शेठ गावोगाव जायचे कापूस पाह्याले. कोनाच्याई घरी गेले का चहा यायचा. त्याईले आत, मले गाडीपाशी. मंग कपाचा घोळ व्हायचा. ह्यो कोनाचा, त्यो कोनाचा. घरच्या बाया कुरकुर करायच्या का ड्रायव्हरनं कप बाटवला. त शेठनं मले एक पातळ जर्मन पत्र्याचा गलास घेऊन देल्ला, अन् त्याच्यासाठी हे कडं लावून देल्लं गाडीत. गाठीवरचा लाल रंग मारला दोन्हीले, म्हंजे कोनी चुकून उचलू नये. वरून धार धरून चहा टाकत. म्हने, भीमराज, तुही सोय केली बघ."

"सोय," साधना म्हणाली.

"तसंच म्हनले ते. मनातून चांगलंच वाटत होतं त्याईले."

"अन् दीक्षा घेतली होती ना आपन तवा?"

"कवाच. माह्या बापानं खांद्यावर बसवून नेल्लं होतं मले नागपूरले."

"मंग तुमी लावू काहून देल्लं?"

भीमराजनी शेंग खाली ठेवली. "लावलं त्या दिवशी किल्ली ठेवून घरी आलतो मी. नाई जाइन म्हनलं. दोन दिवस घरी बसलो. तिसऱ्या दिवशी शेठनं दुसरा ड्रायव्हर बसवला, अन् त्यो गिअर असा टाकून राह्यला होता का रस्त्यावरून मले आवाज आला. गेलो मंग वापस. गाडी आवडत होती मले, पोरी. गाडी माही होती. कडं त्याईचं होतं."

साधनाला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि पहिला संताप बापाचाच. एवढी वर्षं पूर सांगितला, धावणारी पोरं सांगितली, आणि हे कडं गिळून बसले. मग शेठचा आला, मग त्या फलकाचा. पांढऱ्या सोन्याचे दिवस म्हणे. त्या सोन्याच्या दिवसांत तिच्या बापाला गाठीसारखा मार्का मारून ठेवला होता. ती तशीच उठली, शेडमध्ये गेली, आणि कडं भंगाराच्या ढिगावर भिरकावून दिलं. आवाजानं कबुतरं उडाली.

नयन तिथंच होता. तिनं त्याला एकेक शब्द सांगितला, आणि एकही शब्द मऊ केला नाही.

पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले. त्यानं माफी मागितली, आणि ती वरवरची नव्हती हे साधनालाही दिसलं. शेवटी तो म्हणाला, "ते नकोच लावायला. भोकं बुजवून टाकू. पुस्तकात नाही, फोटोत नाही, कोणाला कळणारही नाही."

"नकोच," साधना म्हणाली. इतक्या दिवसांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एका झटक्यात एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भोकं बुजवायला पोटीन मळत असताना भीमराज आले. साधनाला वाटलं, बापाला बरं वाटेल. ते भंगाराच्या ढिगाशी गेले, वाकले, शोधून कडं काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"हे लागन," ते म्हणाले.

"बाबा, कायले पाह्यजे ते घान?"

"नयनबाबू, तुमाले गाडी जशी होती तशी पाह्यजे ना? आरसा घेऊन वाकतेत ना ते लोक?"

"हो, पण काका, हे..." नयन चाचरला. "तुमचा अपमान आहे तो. मी कसा मिरवू?"

"माहा अपमान होय, त मी ठरवीन ना त्याचं काय करायचं ते." भीमराजचा आवाज चढला नाही. त्यांनी नव्या रंगात झळकणाऱ्या गाडीकडे हात केला. "ह्या गाडीत मी कुठी हावो, मले दाखवा. सीट नवी, स्टिअरिंगवर नवं कातडं, पायाखालचं रबर नवं. तुमच्या पाटीवर शेठचं नाव, जिनिंगचं नाव, बंड्यावाल्याईचे फोटो. माहं काय हाय त्याच्यात? हे कडं एकच निशानी राह्यली का भीमराज नावाचा मानूस अथी बसत होता, अन् त्याले कसा बसवला होता. हे काढलं त मीच निघालो गाडीतून. शेठनं निदान लावलं तरी. तुमी दोघं त पुसूनच टाकून राह्यले."

साधनाला ते वर्मी लागलं. टीव्हीवाले इथल्या माणसाला नुसता रडका करून दाखवतात म्हणून ती दात-ओठ खात होती, आणि इथं तिनं स्वतःच बापाला काढून टाकायला पोटीन मळलं होतं. तिनं पोटीनचा गोळा कागदात गुंडाळला.

नयननं शेवटचा मार्ग काढून पाहिला. "मग मरका काळा मारू. तिथला पत्राही काळाच आहे. कडं राहील, आणि..."

"अन् दिसनार नाई," साधनानं वाक्य पुरं केलं.

"लाल," भीमराज म्हणाले. "होता तो."

आता लाल म्हटल्यावर साधना पेटली. लालच मारायचा तर असा मारू, की दार उघडताच डोळ्यात गेला पाहिजे. तिनं दुकानातले सगळे लाल डबे आणून झाकणांवर मारले आणि बापासमोर उन्हात मांडले. एक पोस्टाच्या पेटीचा, एक ट्रॅक्टरचा, एक फटफटीचा, एक एस. टी. चा. भीमराजनी प्रत्येक झाकण उचलून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"हा लय सुंदर हाय. तो सुंदर नव्हता."

"म्हंजे नेमका कसा?"

"गाठीवरचा."

ती पुन्हा यवतमाळला गेली. दुकानदारानं जेवढे लाल होते तेवढे काढले, गेरवे काढले, विटकरी काढले. काही जमेना. शेवटी दुकानातून उतरताना तिची नजर पायरीशी ठेवलेल्या डब्यांकडे गेली. रेड ऑक्साइड. लोखंडाला गंज लागू नये म्हणून खरा रंग मारायच्या आधी मारायचं अस्तर. खिडक्यांच्या गजांना, ग्रिलला, कुठंही. त्याला कोणी रंगात धरत नाही. तिनं झाकणावर मारून घेतला, आणि दुकानदाराला पहिल्यांदा हसून दाखवलं.

दिग्रसला भीमराजनी ते झाकण हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. "हाच," म्हणाले.

"काका, हे प्रायमर आहे," नयन म्हणाला. "याच्यावर दुसरा रंग मारावा लागतो. नुसतं ठेवलं तर काम अर्धवट सोडल्यासारखं दिसेल. परीक्षक पहिला प्रश्न याचाच विचारतील."

"विचारू द्या. सांगता येते मले."

"निदान चकाकीचा पारदर्शक हात तरी?"

"याच्यावर काईच मारायचं नाई," भीमराज म्हणाले.

साधनानं कडं तारेला टांगलं. बाकी सगळ्या सामानावर तिनं घाईनं, रागानं, कधी शिव्या घालत रंग मारला होता. या एका कड्याला मात्र धुळीसारखा हात दिला, थांबली, दुसरा दिला, पुन्हा थांबली. थांबण्याचा तिला अजिबात त्रास झाला नाही. वाळल्यावर भीमराजनी ते स्वतःच्या हातानं गाडीत बसवलं.

गाडी न्यायच्या सकाळी जिनिंगच्या आवारात बरीच माणसं जमली. ट्रक आर्णी रोडला उभा होता, आणि तिथवर गाडी भीमराज चालवत नेणार होते. जुन्या कामगार बाया आल्या होत्या, त्यांत गाठींची शिलाई करणारी मानीबाईही होती. आणि नागपूरहून नयनचे वडील सुगनशेठ आले होते. माणकशेठचा हा मुलगा जिनिंग बंद करून केव्हाच शहरात गेला होता. गाडी पाहून त्याचे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला, फलक वाचला, फोटोवाल्याला बोलावलं आणि फोटोसाठी म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. या गाडीत तो आयुष्यभर मागेच बसला होता. गुडघ्याला काहीतरी लागलं म्हणून त्यानं वाकून पाहिलं.

"हे काय लावलंय? आणि नुसतं प्रायमर मारून सोडलंय."

"पप्पा, ते मूळचंच आहे," नयन म्हणाला.

"गलासाचं कडं होय, शेठ," भीमराज म्हणाले. "माह्या."

सुगनशेठला आठवलं. आठवलेलं तोंडावर दिसलं, आणि लगेच आत गेलं. त्यानं आवाज खाली आणला. "भीमराज, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? बाबूजींनी तुझी सोय म्हणून लावलं होतं. तुला घरच्यासारखं वागवलं. आता इतकी मोठी माणसं गाडी पाहणार, त्यात हे शोभतं का? एक तर आपल्या भागाची आधीच काय कमी बदनामी चाललीय?"

"म्या कुठी बदनामी केली? जे होतं ते लावलं."

"काढून टाक ते."

साधनानं तोंड उघडलं. भीमराजनी मागे न पाहता हात केला, आणि ती थांबली. त्यांनी तिच्या पेटीतून पेचकस काढला आणि मूठ पुढे करून सुगनशेठसमोर धरला.

"दोन पेच हाएत. काढा."

"मी?"

"माह्या गलासाले तुमच्या घरात कोनी कधी हात नाई लावला, शेठ. कड्याले तरी लावा."

 फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सुगनशेठनं पेचकसाकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आणि मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मानीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. नयन बापाच्या मदतीला पुढे झाला नाही. शेठचा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला, गुडघ्याच्या दिशेनं थोडा खाली आला आणि तिथंच राहिला. बोटं नुसतीच जुळली आणि सुटली.

मग तो गाडीतून उतरला. खिशातून रुमाल काढून त्यानं दोन्ही हात पुसले, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि कड्याला तर त्यानं हात लावलाच नव्हता. पुसून झाल्यावर हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण रुमाल खिशात घालताना त्यानं कोणाकडे पाहिलं नाही.

भीमराजनी पेचकस साधनाच्या हातात दिला, सीटवर बसून दार लावलं आणि गाडी चालू केली.